पायरी

सात चाळीसची अमळनेर–जळगाव.
वावरखेडे फाट्यावर निंबाखाली दर मंगळवारी एक माणूस उभा असतो,
हातात औषधांची पिशवी, वहीला रबर.
मी घंटी ओढते आणि घड्याळाकडे बघत नाही.

दोधू झिपरू सैंदाणे, नायक, निवृत्त.
पहिल्या दिवशी म्हणाले होते,
"जरासं थांब माय, मन्हा एक पाय सरकारना शे."
मला आधी समजलं नाही.
मग पायजमा सरकला, आणि दिसला
पुण्याहून आलेला, गव्हाच्या रंगाचा,
कधी घाम न येणारा पाय.
खरा राजौरीकडे कुठेतरी राहिला.
"तठे बरफ शे. त्याले तरी गार वाटत व्हई."

अर्ध्या तिकिटाचं बटण दाबलं तेव्हा हसले:
पाय अर्धे, तिकीट अर्धं, हिशोब बरोबर.
वय पासष्टच्या पुढचं म्हणून हो काका, मी म्हटलं.
त्यांना माहीत होतं.

बसची पहिली पायरी जमिनीपासून सव्वा फूट.
चौथीतल्या पोराला तिचं काही नाही.
न वाकणाऱ्या गुडघ्याला ती किल्ला.
एक मिनिट दहा सेकंद, मी मोजलंय,
आणि मागून कॉलेजचं कुणीतरी म्हणतंच,
"चला ना आजोबा."
वाल्मीकभाऊ स्टेअरिंगवरून काही बोलत नाहीत,
जागच्या जागी गाडी रेज करतात,
त्यात सगळं येतं.

जळगावला माजी सैनिकांच्या दवाखान्यात
दहाला नंबर देणं बंद.
आम्ही स्टँडला नऊ पस्तीसला,
बांभोरीच्या पुलावर ट्रक आडवा नसेल तर.
पुढे रिक्षा, ऐंशी रुपये.
गोळ्या फुकट.

मी अर्ज लिहिला. गाडी वीस मिनिटं आधी सोडा,
दवाखान्याच्या गेटवरून न्या,
एक पायरी खाली लावा.
दीड महिन्यानं उत्तर: सदर फेरी तोट्यात.
बोरसे कारकून आपुलकीनं म्हणाले,
"ताई, आपण आपल्या पायरीनं राहावं."
म्हटलं, तेच तर मागतेय साहेब. एक पायरी.

वर्कशॉपचे रज्जाक मिस्त्री काही बोलले नाहीत.
भंगारातल्या सीटचा सांगाडा कापला,
दोन बिजागऱ्या, वेल्डिंगचे चार टाके,
दारातून खाली उतरणारी पायरी केली.
गाडी सुटताना पायानं वर ढकलायची.
नऊ मंगळवार चालली.
गुडघ्यांना तेल चोळून आलेल्या बाया,
पाळधीच्या दिवस गेलेल्या मास्तरीणबाई,
सगळ्या तिच्यावरून चढल्या-उतरल्या.
ही कुणासाठी, कुणी विचारलं नाही.

दहाव्या मंगळवारी ती गाडी चोपड्याला लावली.
आम्हाला आली दुसरी, जुनी, उंच.
काकांनी पाय टाकला
आणि पायरी होती तिथे हवा होती.
पडले नाहीत. दांडी धरून उभे राहिले जरा,
मग म्हणाले, "जाऊ दे माय, तुन्हा टाइम जाई राहिना."
मी डबल घंटी दिली.
ती मला अजून ऐकू येते.

पुढच्या मंगळवारी
आठच्या आत ऊन कपाशीवर चढलेलं.
निंबाखाली ते, पिशवी, वही,
आणि टमाट्याचं निळं कॅरेट,
कडेला सुतळी बांधलेली.
कॅरेट उपडं ठेवलं. आधी आपला पाय,
मागून सरकारी,
मग आत येऊन सुतळी ओढली,
विहिरीतून पोहरा ओढावा तशी.
बावीस सेकंद.
वाल्मीकभाऊ आरशात बघत होते. गाडी रेज केली नाही.

धरणगावला तपासनीस चढले.
हे कॅरेट कुणाचं? लगेज फाडलं का याचं?
काका उठायला लागले, मी हातानं बसवलं.
म्हटलं, सामान नाही ते साहेब,
बसचा भाग आहे.
गाडीबरोबर यायला हवा होता,
मागून आला.